अजिंठ्याचे क्रमांक आणि काळाची रांग

अजिंठ्याच्या लेण्यांची यादी संगणकावर करायला घेतली की पहिला खोडा घालतं ते लेणं १५अ. क्रमांकाच्या रकान्यात बाकी सगळे आकडे आणि याच्या शेपटाला अक्षर. म्हणून एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि चढत्या क्रमात थेट ३० च्याही खाली टाकतं. सगळा रकानाच मजकूर केला तर १ पाठोपाठ १०, ११ लागतात आणि २ चा नंबर १९ नंतर येतो. गाइडचं काम शिकणाऱ्या मुलांकडून मी ही यादी करून घेतो, तेव्हा उपाय सांगण्याआधी या क्रमांकांचा इतिहास सांगतो.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात आपलं नाव कोरलं. तेव्हा आत गाळमातीचा ढीग होता. त्यावर उभं राहून कोरलेलं ते नाव आज डोक्याच्याही वर दिसतं. १८३९ मध्ये जेम्स फर्ग्युसन आला. वाघूर नदीच्या नालाकृती कड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लेण्यांना ओळीने क्रमांक द्यायची पद्धत त्याच्यापासून रूढ झाली. क्रमांक जागेचा होता, काळाचा नव्हे.

काळाने पाहिलं तर सगळी रांगच उलटीपालटी होते. ९, १०, १२, १३ आणि १५अ ही सातवाहनकाळातली, इसवी सनापूर्वीची. १, २, १६, १७ ही पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा दानलेख आहे. म्हणजे आज पर्यटक ज्या लेण्यात पहिलं पाऊल टाकतो, ते दहाव्यापेक्षा पाचशेहून अधिक वर्षांनी धाकटं आहे.

पुढे जागेचाही क्रम मोडला. २९ वं लेणं कड्यात उंचावर, २० आणि २१ च्या मधे आहे. ३० वं तर १९५६ मध्ये मातीखालून उजेडात आलं, तेही १५ आणि १६ च्या मधे, खाली नदीच्या अंगाला. तोवर मधले आकडे संपले होते, म्हणून त्याला शेवटचा मिळाला.

त्यामुळे यादीत तीन रकाने हवेत. पहिल्यात रूढ क्रमांक, मजकूर म्हणूनच. त्यावर क्रम लावायचा नाही. दुसऱ्यात जागा, निव्वळ आकड्यात : २९ साठी २०.५, ३० साठी १५.५. तिसऱ्यात शतक. इथे ‘इ.स.पू.’ लिहिलं की एक्सेल ते अक्षरांच्या क्रमाने लावतं. त्याऐवजी पहिल्या शतकासाठी -१ आणि पाचव्यासाठी ५ लिहिलं की जुनं आपोआप वर येतं. आकडा पेशीत डावीकडे चिकटलेला दिसला तर तो बहुधा मजकूर झालेला असतो. बाहेरून चिकटवलेल्या यादीत मागे राहिलेली मोकळी जागाही क्रम बिघडवते, ती आधी काढावी.

एकच गोष्ट कोणी करू नये. यादी सरळ लागावी म्हणून लेण्यांना नवे क्रमांक देऊ नयेत. बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजींनी १८८१ मध्ये छापलेले शिलालेख, ग्रिफिथ्सची चित्रं, याझदानींचे ग्रंथ, सगळे या क्रमांकांनीच सापडतात. रकाने हवे तितके वाढवा. जुना क्रमांक मात्र जसाच्या तसा राहू द्या.