बोलिटोग्लॉसा अल्टामेझोनिका

ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातील सखल वर्षावनात राहणारा लहान सॅलॅमँडर. उभयचर वर्गाच्या पुच्छधारी गणातील प्लेथोडोंटिडी या फुप्फुसहीन कुलात त्याचा समावेश होतो. शेपटी धरूनही तो जेमतेम बोटाएवढा भरतो. रंग बहुधा तपकिरी. पायांची बोटे बरीचशी पडद्याने जोडलेली असतात.

फुप्फुसे नसल्यामुळे श्वसनाचा सारा भार त्वचेवर आणि तोंडाच्या आतील अस्तरावर पडतो. त्वचा सुकली, तर श्वासच कोंडतो. म्हणून तो दिवसा दडून राहतो आणि रात्री, विशेषतः पावसानंतर, खुरट्या झाडांच्या पानांवर येतो. तेथे निश्चल बसून मुंग्या व इतर बारीक कीटक जीभ फेकून टिपतो. बोलिटोग्लॉसा प्रजातीतील जिभेची फेक प्राणिसृष्टीतील अतिवेगवान हालचालींमध्ये गणली जाते. प्रजातीतील जाती अंडी पाण्यात घालत नाहीत, तर ओलसर आडोशाला घालतात. डिंभावस्था वगळून त्यांतून थेट इवला सॅलॅमँडर बाहेर येतो. सह्याद्रीतील राओर्चेस्टेस प्रजातीच्या झुडपी बेडकांचा विकासही असाच होतो.

सॅलॅमँडर हे मुख्यतः उत्तर गोलार्धातील प्राणी. दक्षिण अमेरिकेत त्यांच्या बोलिटोग्लॉसा व ओडिपिना या दोनच प्रजाती पोहोचल्या.

जेम्स ऑर्टन यांनी ॲमेझॉनच्या वरच्या भागातून आणलेल्या नमुन्यांवरून एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी १८७४ मध्ये या जातीचे वर्णन केले. मूळ नमुना पेरूतील नाउता येथील; मारान्यॉन व उकायाली नद्यांचा संगम तेथून जवळच आहे. पुढे दूरदूरच्या जंगलांत मिळालेले दिसायला सारखे सॅलॅमँडरही याच नावाखाली नोंदले गेले. हा प्राणी सर्वत्र पसरलेला आहे, असा समज त्यातून झाला, आणि तो फार काळ टिकला. २०१३ मध्ये ब्राझीलमधील नमुन्यांच्या तपासणीतून बो. काल्डवेले, बो. मादेइरा व बो. तापाजोनिका या तीन नव्या जाती वेगळ्या काढण्यात आल्या. २०२० मध्ये अभ्यासकांनी अल्टामेझोनिका व याच प्रजातीतील पेरूव्हियाना या दोन जातींची व्याख्या नव्याने केली आणि उत्तर पेरूतील बो. अवाजुन ही आणखी एक जात नोंदवली.

त्यामुळे या जातीच्या प्रसाराबद्दलच्या जुन्या नोंदी जशाच्या तशा स्वीकारता येत नाहीत. संवर्धनासाठी ही छाननी अत्यंत महत्त्वाची आहे: व्यापक मानलेल्या एका जातीच्या जागी छोट्या टापूंत राहणाऱ्या अनेक जाती निघाल्या, की जंगलतोडीचा धोका प्रत्येकीसाठी स्वतंत्रपणे तपासावा लागतो.