क्रीडापटूंच्या ताटाशेजारील तराजू

पहिलवानाचा खुराक दूध-बदामांच्या मापाने मोजण्याची रीत आपल्या तालमींना नवी नाही. परंतु घेतलेल्या खुराकापैकी शरीराला खरोखर लागले किती, हा हिशेब तराजू आणि रसायनशाळा यांच्या साह्याने ज्या थोड्या ठिकाणी प्रथम मांडला गेला, त्यांत अमेरिकेतील कनेक्टिकट या लहानशा राज्याची गणना करावी लागेल. तराजू ज्यांच्या ताटाशी ठेवला, ते महाविद्यालयातील विद्यार्थी होते.

तेथील मिडलटाउन गावी, वेस्लियन विद्यापीठात, विल्बर ॲटवॉटर हे रसायनशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनी ब्रायंट या सहकाऱ्यासह 1898 साली हार्वर्ड आणि येल या विद्यापीठांच्या वल्हेकरी विद्यार्थ्यांचा आहार मोजला. आलेला जिन्नस तोलावयाचा, उरलेसुरले वजा करावयाचे आणि बाकीस जेवणाऱ्यांच्या संख्येने भागावयाचे, अशी ही पद्धत. दरडोई दररोज सुमारे 155 ग्रॅम प्रथिने आणि चार हजारांवर उष्मांक पडतात, असे निघाले. वास्तविक माणूस किती खातो आणि त्यास किती लागते, हे प्रश्न दोन. परंतु शर्यतीच्या गड्यास मांस भरपूर पाहिजेच, या जुन्या समजुतीला आता आकड्यांचे बळ मिळाले.

तिला धक्का दिला तो येलचे प्राध्यापक रसेल चिटेंडन यांनी. होरेस फ्लेचर नावाचे, प्रत्येक घास अतिशय चावून खाणारे, अल्पाहारी आणि पन्नाशी उलटलेले गृहस्थ त्या सुमारास न्यू हेवनला आले होते. 1903 साली येलच्या व्यायामशाळेचे प्रमुख डॉ. अँडरसन यांनी वल्हेकऱ्यांचे व्यायाम त्यांना करावयास दिले, आणि ते त्यांनी सहज पार पाडले! चिटेंडन यांनी कमी प्रथिनांचा प्रयोग आधी स्वतःवर केला. वजन सुमारे सात किलो उतरले, पण गुडघ्याचे जुने दुखणेही गेले. मग सैनिकांची एक तुकडी घेतली, आणि 1904 मध्ये पाच महिने येलचे आठ क्रीडापटू.

या मुलांना उपाशी ठेवले नव्हते. मांस कमी करावे, एवढीच मुख्य अट. हिशेब मात्र कडक. रोजचे मूत्र साठवून प्रयोगशाळेत द्यावयाचे, त्यातील नत्राच्या वजनास 6.25 ने गुणून शरीरात खर्ची पडलेले प्रथिन काढावयाचे, आणि ठराविक दिवशी प्रत्येक पदार्थ तोलून मगच तोंडात घालावयाचा. इतिहासात नाव चिटेंडन यांचे राहिले. चिकाटीचे अर्धे श्रेय या आठ जणांचे आहे. प्रथिनांचा खर्च ॲटवॉटर यांच्या आकड्याच्या निम्म्याखाली आला, तरी अँडरसन यांच्या परीक्षांत मुलांचे बळ वाढलेलेच दिसले. अर्थात तीच परीक्षा पुनःपुन्हा दिल्याने हात बसतो, आणि तुलनेला मांसाहारी तुकडी ठेवलेली नव्हती. तेव्हा वाढीचे श्रेय आहारास देता येत नाही. बळ घटले नाही, एवढेच निश्चित. आजचे तज्ज्ञ खेळाडूस शरीराच्या दर किलोमागे 1.2 ते 2 ग्रॅम प्रथिने सांगतात, म्हणजे 70 किलोंच्या गड्यास 84 ते 140. हा आकडा दोघांच्या मध्ये पडतो.

पुढे साधने सुधारली. 1911 साली ऑक्सफर्डच्या डग्लस यांनी उच्छ्वास साठविणारी पिशवी पाठीवर दिली. 1955 साली लिफसन यांनी भारी समस्थानिकांच्या पाण्याने शरीराचा उष्मांकखर्च मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. तीच पुढे माणसांवर वापरता, लोक स्वतःचे खाणे कमी लिहितात, हे उघडकीस आले. आता पाठीवरचे यंत्र उपग्रहांच्या आधारे धावण्याची मीटरवारी लिहिते आणि आहाराची वही खिशातल्या फोनमध्ये असते.

आणि तरीही 2014 च्या एप्रिल महिन्यात, त्याच कनेक्टिकटच्या राज्य विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय विजेता झाला, तेव्हा त्याचा अग्रणी खेळाडू शबाझ नेपियर याने वार्ताहरांना सांगितले की, काही रात्री आपण उपाशीच निजतो. तोवर शिष्यवृत्ती मिळणाऱ्या खेळाडूस दिवसाला तीन जेवणे अथवा भोजनभत्ता, एवढीच नियमाची मर्यादा होती. थोड्याच दिवसांत राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने वरच्या श्रेणीतील विद्यापीठांपुरती ती मर्यादा उठविली. विचार आधीपासून चालू होता, असे तिच्या वतीने सांगण्यात आले.