मेंदूची आकृती आणि परीक्षकाची पेन्सिल

परीक्षेचा हंगाम आला, म्हणजे महाविद्यालयाच्या शिक्षकांच्या खोलीत प्रयोगवह्यांचे ढीग रचलेले दिसतात. शरीररचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत माणसाच्या मेंदूची आकृती असते. प्राणिशास्त्राच्या वह्यांत कैक वर्षे बेडकाचा मेंदू हमखास असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबविण्याची मार्गदर्शिका काढली, आणि बेडकाची जागा प्रतिकृतींनी व तयार काचपट्ट्यांनी घेतली. वस्तू बदलली, पण वही तपासणाऱ्यापुढचा प्रश्न काही बदलला नाही. तो प्रश्न असा, की गुण द्यावयाचे ते कशाला?

दोन वह्या आपण डोळ्यांपुढे आणू. पहिलीतली आकृती स्वच्छ आहे. डावी बाजू आणि उजवी बाजू आरशात पाहावी तशी सारखी, नावे एका ओळीत, रेघा पट्टीने मारलेल्या. ती पुस्तकातल्या आकृतीशी केसाइतकीही फारकत घेत नाही. दुसरीतली आकृती ओबडधोबड आहे. एका बाजूचा भाग सुरीखाली चेपला गेला आहे, एक मज्जातंतू अर्ध्यावर संपला आहे, आणि शेजारी लिहिले आहे : ‘येथे तंतू तुटला, पुढे दिसला नाही.’ पहिलीला दहांपैकी नऊ गुण पडतात आणि दुसरीला चार. पहिल्या विद्यार्थ्याने पुढ्यातल्या वस्तूकडे ढुंकूनही पाहिले नसेल, ही शंका परीक्षकाच्या मनात येते; पण पेन्सिल पुढे सरकते, कारण ढीग मोठा असतो आणि वेळ थोडा असतो. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु मज्जासंस्थेविषयी माणसाला जे ज्ञान झाले त्याचा इतिहास चाळून पाहिला, तर ह्या दोन वह्यांचा झगडाच त्यात जागोजागी आढळतो.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन हा ग्रीक वैद्य रोममध्ये होऊन गेला. तो मोठा प्रयोगशील पुरुष होता. जिवंत डुकराच्या कंठाकडे जाणारा मज्जातंतू बांधला की त्याचे ओरडणे थांबते, हे त्याने लोकांसमोर करून दाखविले होते. पण मनुष्याचे शव चिरण्याची सोय त्याला नव्हती; त्याने चिरली ती माकडे, डुकरे आणि बैल. बैलाच्या मेंदूच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांचे एक दाट जाळे असते. ते पाहून गेलनने ठरविले, की प्राणशक्तीचे मन:शक्तीत रूपांतर होते ते येथेच. पुढे त्याला ‘अद्भुत जाळे’ असे नाव पडले आणि ते माणसाच्या मेंदूखालीही आहे असे पढविले जाऊ लागले. माणसाच्या डोक्यात असे जाळे नाही. तरीही तेराशे वर्षे वैद्यकाचे विद्यार्थी ते पाठ करीत आले.

इतकी वर्षे हे कोणाला दिसले कसे नाही? त्याचे उत्तर त्या काळच्या वर्गाच्या रचनेत आहे. बोलोन्याच्या मोन्दिनोने १३१६ च्या सुमारास शवविच्छेदनाचे एक पुस्तक रचले. त्यानंतर युरोपातल्या विद्यापीठांत जी पद्धत रूढ झाली, तिच्यात अध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाची, खाली शस्त्रकार सुरी चालवी, आणि तिसरा एक जण छडीने अवयव दाखवी. वाचणाऱ्याचा हात शवाला लागत नसे आणि चिरणाऱ्याला ग्रंथाची भाषा येत नसे. अशा वर्गात ग्रंथ आणि देह यांची गाठ पडावी कोठे? ह्या पठडीबाहेर पाऊल टाकणारे थोडे होते. बोलोन्याचाच बेरेंगारिओ त्यांतला एक. त्याने पुष्कळ शवे स्वत: चिरली आणि आपणांस ते जाळे कोठेच सापडले नाही, असे १५२० नंतरच्या आपल्या ग्रंथांत निर्भीडपणे लिहून टाकले.

ह्या कथेतले खरे नाट्य मात्र आंद्रेआस व्हेसेलियस याच्या आयुष्यात घडले. हा पादुआचा तरुण अध्यापक आसनावरून खाली उतरला आणि त्याने सुरी स्वत:च्या हाती घेतली. तरीसुद्धा १५३८ साली त्याने विद्यार्थ्यांसाठी जे सहा चित्रफलक छापले, त्यांत ते अद्भुत जाळे व्यवस्थित काढलेले आहे! पाचच वर्षांनी, १५४३ साली, त्याचा मानवी देहरचनेवरचा महाग्रंथ बासेल येथे छापून निघाला. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्यात त्याने हे जाळे माणसाच्या डोक्यात नाही असे सांगितलेच, शिवाय एक कबुली दिली. आपण लोकांसमोर माणसाचे डोके उघडीत असू तेव्हा कोकराचे किंवा बैलाचे डोके जवळ ठेवीत असू, कारण माणसात जे सापडत नसे ते त्या जनावरात दाखविता येई, असे त्याने लिहिले आहे. गेलनवरच्या भक्तीपायी आपण असे वागलो, याची त्याला लाज वाटत होती.

श्रोतेहो, ह्या कबुलीचे मोल फार मोठे आहे. १५३८ चा चित्रफलक त्या काळच्या परीक्षकापुढे ठेवला असता, तर त्याला पैकीच्या पैकी गुण पडले असते, कारण तो ग्रंथाबरहुकूम होता. आणि १५४३ च्या ग्रंथाला काय मिळाले, तेही इतिहासाला ठाऊक आहे. पॅरिसमध्ये व्हेसेलियसला ज्याने शरीररचना शिकविली, त्या सिल्व्हियसने १५५१ साली आपल्या ह्या शिष्याला वेडा ठरविणारे पुस्तक लिहिले. गेलनच्या वर्णनाशी देह जुळत नाही, त्यात गेलनची चूक नसून त्याच्या काळानंतर माणसाचा देहच पालटला आहे, इथवर त्याची मजल गेली. ग्रंथाला नापास करणे जिवावर आले, म्हणून ह्या गुरूने अखिल मानवजातीच्या देहाला नापास करून टाकले!

पण व्हेसेलियसच्या डोळ्यांवरचाही पडदा सगळा उडाला नव्हता. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या गेलनने सात मोजल्या होत्या. व्हेसेलियसला त्या मोजणीत उणिवा दिसल्या, तरी त्याने आकडा सातच ठेवला. १६६४ साली ऑक्सफर्डच्या टॉमस विलिसने मेंदूवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याने मेंदू कवटीतून अखंड बाहेर काढला, उलटा करून त्याचा तळ न्याहाळला, आणि ख्रिस्तोफर रेनसारख्या कसलेल्या हाताकडून आकृत्या काढविल्या. त्याच्या मोजणीत कवटीतून जाणाऱ्या जोड्या नऊ भरल्या. त्यानंतर १७७८ साली गटिंगेन येथे सोमरिंग नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाने पदवीसाठी प्रबंध सादर केला. विलिसच्या सातव्या जोडीत त्याला दोन निरनिराळे तंतू दिसले आणि आठवीत तीन. नवांत एक आणि दोन मिळविले की बारा होतात. आज जगातला प्रत्येक वैद्यकाचा विद्यार्थी ज्या बारा जोड्या घोकतो, त्यांचा हिशेब असा एका विद्यार्थ्याच्या वहीत लागलेला आहे.

हा बारांचा आकडाही लगेच सर्वमान्य झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी पाठ्यग्रंथांत विलिसचे नऊ आणि सोमरिंगचे बारा शेजारी शेजारी नांदत होते. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि १८५१ साली तेथून पहिले पदवीधर बाहेर पडले, डॉ. भाऊ दाजी लाड त्यांच्यापैकीच. ह्या मंडळींचे शिक्षण झाले ते इंग्रजी ग्रंथांवर, म्हणजे नऊ म्हणावे की बारा हे पुरते ठरले नव्हते त्या काळात. गेलनपासून भाऊ दाजींपर्यंत माणसाच्या डोक्यात एकही नवा तंतू उगवला नव्हता. बदलत होते ते मोजणाऱ्याचे डोळे. १६०० साली एखाद्या विद्यार्थ्याने ‘बारा’ असे उत्तर लिहिले असते, तर तो खात्रीने नापास झाला असता.

विलिसचा ग्रंथ निघाल्यावर वर्षभरातच, १६६५ साली, पॅरिसमध्ये विद्वानांच्या एका बैठकीत स्टेनो नावाच्या सत्तावीस वर्षांच्या डेन्मार्ककराने मेंदूच्या रचनेवर व्याख्यान दिले. ते १६६९ साली छापले गेले. आपले व्याख्यान ऐकावयास इतकी मंडळी जमलेली असताना, मेंदूविषयी मला काहीच कळत नाही, असे सांगूनच त्याने प्रारंभ केला. मग त्याने कारणे दिली. मेंदूचा गर मऊ, त्यातले तंतू नाजूक. सुरी जशी चालवावी तसा आकार दिसतो, आणि चिरणारा आपल्या मतास सोयीची अशी सुरी चालवितो. विलिसच्या आकृत्या सर्वांत चांगल्या आहेत हे त्याने मान्य केले आणि त्यांतल्या चुकाही दाखविल्या. दुसऱ्या वहीतले ते वाक्य, ‘पुढे दिसला नाही’, स्टेनोने भर सभेत उच्चारले असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आता कोणी म्हणेल, की डोळ्यांनी पाहिले आणि प्रामाणिकपणे काढले, की संपले. तेही खरे नाही. पाव्हियाजवळच्या एका लहान गावच्या रुग्णालयात कामिल्लो गॉल्जी या वैद्याने १८७३ साली एक विलक्षण रीत शोधली. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवून मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात ठेवला, की असंख्य मज्जापेशींपैकी थोड्याच काळ्याभोर होतात आणि पिवळसर पार्श्वभूमीवर आपल्या साऱ्या फांद्यांसह उठून दिसतात. सगळ्याच रंगल्या असत्या, तर काळ्या डागापलीकडे काही दिसले नसते. ह्या रीतीने पाहून गॉल्जीने निष्कर्ष काढला, की पेशींचे तंतू एकमेकांत मिसळून मेंदूभर एक अखंड जाळे झालेले आहे. आणि त्याच रीतीने काम करून बार्सेलोनाचा सान्तियागो रामोन इ काहाल याने १८८८ साली नेमके उलटे सांगितले. प्रत्येक मज्जापेशी सुटी असते. तिचे तंतू शेजारणीला भिडतात, पण तिच्यात विरघळत नाहीत. काहालने पाखरांचे आणि पिलांचे कोवळे मेंदू घेतले, कारण तेथे तंतूंवरचे वेष्टण पुरते झालेले नसते आणि रंग चांगला धरतो. रीत एक, रंग एक, प्रामाणिकपणाही दोघांचा सारखाच. वह्या मात्र दोन!

येथे एका परीक्षकाची गरज होती आणि सुदैवाने तो भेटला. १८८९ साली बर्लिनमध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांची परिषद भरली. काहालचे स्पॅनिश लेख तेथे कोणी वाचीत नव्हते. तो पदरमोड करून, आपल्या काचपट्ट्या बरोबर घेऊन बर्लिनला गेला आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये लोकांना सूक्ष्मदर्शकाशी बोलावू लागला. जमलेल्यांत बहात्तर वर्षांचा कॉलिकर होता. त्या शास्त्रातला तो भीष्माचार्य, आणि स्वत: अखंड जाळ्याच्या पक्षाचा. तो वाकला आणि त्याने काचपट्ट्या एकामागून एक पाहिल्या. तेवढ्यावर न थांबता घरी परतल्यावर त्याने त्या रीतीने स्वत:च्या हाताने काचपट्ट्या तयार केल्या, आणि आपले जुने मत सोडल्याचे जाहीर केले. आमच्या मते वही तपासण्याचा याहून थोर दाखला ह्या शास्त्राच्या इतिहासात नाही.

१९०६ साली गॉल्जी आणि काहाल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. स्टॉकहोमच्या व्यासपीठावरही गॉल्जीने सुट्या पेशीच्या सिद्धान्तावर टीकाच केली. दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० नंतरच्या काही वर्षांत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. तेव्हा दोघेही हयात नव्हते. पुढे असेही आढळले, की काही थोड्या पेशी एकमेकींशी अतिसूक्ष्म नळ्यांनी थेट जोडलेल्याही असतात. म्हणजे काहालच्या वहीलाही शंभरांपैकी शंभर देता येत नाहीत.

मग परीक्षकाने करावे काय? पुस्तक फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. पुस्तक न वाचता मेंदूपुढे बसणाऱ्याला पांढऱ्या गोळ्यापलीकडे काही दिसावयाचे नाही. आपल्या सुश्रुताने शव वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, नंतर हळूहळू घासून एकेक थर डोळ्यांनी पाहण्याची रीत सांगितली. तीबरोबरच त्याने हेही बजावले, की प्रत्यक्ष पाहिलेले आणि शास्त्रात वाचलेले ही दोन्ही एकत्र आली म्हणजे ज्ञान वाढते. आमच्या शिक्षणातली खोट अशी, की शास्त्राच्या गुणांची बेरीज रीतसर होते आणि पाहण्याच्या गुणांना रकानाच नसतो. ‘मला हे दिसले’ आणि ‘मला हे दिसले नाही’ ह्या दोन वाक्यांना वहीत जागा असावी आणि त्यांचे गुण असावेत. ते नसतील, तर आपण बैलाचे डोके शेजारी ठेवून माणसाचा मेंदू दाखविणारे विद्यार्थी तयार करू, आणि त्यांना व्हेसेलियससारखी लाजही वाटणार नाही.

ही तपासणी महागात पडते, हे आम्ही जाणतो. तिला वेळ लागतो आणि खुर्ची सोडावी लागते. ती ओबडधोबड वही हाती आली, म्हणजे परीक्षकाने क्षणभर पेन्सिल खाली ठेवावी, विद्यार्थ्याला बोलवावे आणि ‘कोठे तुटला तंतू, दाखव’ असे म्हणून त्याच्या काचपट्टीवर स्वत: वाकावे. कॉलिकर बहात्तराव्या वर्षी वाकला होता.