सोऱ्याची माती आणि विहिरीचे पाणी

पाटण्याच्या आसपासच्या खेड्यांतून पूर्वी नोनिया नावाचे लोक माती गोळा करीत हिंडत असत. पडक्या भिंतींच्या पायथ्याशी, गोठ्यांभोवती, सांडपाणी मुरलेल्या अंगणांत मातीवर पांढरा थर फुलून येई. ती माती खरवडून धुवायची आणि ते पाणी आटवायचे, की सोरा हाती लागे. ह्या सोऱ्याचीच दारू युरोपातल्या तोफांत जात असे. सतराव्या शतकात डच व इंग्रज व्यापारी त्यासाठी बिहारात येऊन बसले, आणि प्लासीनंतर 1758 साली ईस्ट इंडिया कंपनीने त्याचा मक्ता मिळवला.

हा सोरा म्हणजे मनुष्यांच्या व गुरांच्या मलमूत्रातील नत्राचे अखेरचे रूप, म्हणजेच नायट्रेट. नोनियांना अनुभवाने जे ठाऊक होते, त्याचे कारण 1877 साली श्लोएझिंग आणि म्युंट्स ह्या फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले. सांडपाण्यातील अमोनियाचे नायट्रेट होते ते मातीतील सूक्ष्म जीवांमुळे.

त्याच सुमारास मैल्याच्या बंद टाकीचा प्रयोग चालू होता. फ्रान्समध्ये मुरास ह्याने तो आरंभला आणि 1895 साली इंग्लंडातील एक्झेटर येथे डोनाल्ड कॅमेरन ह्याने तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले. मुंबईत माटुंग्याच्या महारोगी वसाहतीतही 1897 च्या सुमारास अशा टाक्यांतील वायू यंत्रे चालविण्यासाठी वापरल्याची नोंद आहे. टाकीने दुर्गंधी आवरली आणि गाळ तळाशी बसविला. परंतु नत्राचा मोठा भाग पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो, तेथे त्याचे नायट्रेट होते, आणि ते पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरते. माती जंतूंना पुष्कळ अंशी अडवते, नायट्रेटला नाही.

ह्याची किंमत प्रथम मोजली ती तान्ह्या मुलांनी. 1945 साली अमेरिकेतील आयोवा संस्थानात हंटर कॉम्ली ह्या डॉक्टरने निळसर पडलेल्या अर्भकांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांचे दूध नायट्रेटयुक्त विहिरीच्या पाण्यात कालविलेले होते. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते आणि रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती लोपते. मातेने काळजीने पाणी उकळावे, तर ते आटून नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते! 1951 सालच्या पाहणीत त्या देशात अशी 278 प्रकरणे व 39 मृत्यू नोंदले गेले. पुढे अतिसाराचाही ह्यात हात असल्याचे दिसून आले. तथापि त्या पाहणीच्या आधारे घातलेली मर्यादा टिकली. भारतीय मानकानुसारही लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही नायट्रेटची कमाल मर्यादा आहे.

आता थोडा हिशेब करू. एका माणसाच्या देहातून वर्षाकाठी सुमारे 4 किलो नत्र बाहेर पडते. ते सारे नायट्रेट झाले तर सुमारे 18 किलो भरेल, आणि ते त्या मर्यादेत आणण्यास 4 लाख लिटर पाणी लागेल. वर्षाला 100 मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरत असेल, तर एवढ्या पाण्यासाठी जवळजवळ एक एकर जमीन हवी. निम्मेच नत्र खाली पोहोचले असे धरले, तरी माणशी अर्धा एकर!

नोकरीच्या आरंभी एका नव्या वसाहतीच्या कागदांवर मी सही केली होती. विहिरीपासून शोषखड्ड्याचे अंतर मी काटेकोर तपासले. अंतर पुरेसे होते. खड्डे एकंदर किती आणि त्यांखालचे पाणी किती, हा प्रश्न मात्र मी विचारला नाही. अंतर जंतूंपासून वाचवते. नायट्रेटपासून वाचविते ते विस्ताराचे आणि पाण्याचे प्रमाण. हा भेद मला फार उशिरा समजला.

2014 साली स्वच्छ भारत मोहीम सुरू झाल्यावर देशात दहा कोटींहून अधिक शौचालये बांधली गेली. ती बांधली हे योग्यच झाले. पटकीने आणि अतिसाराने घेतलेले बळी आपण विसरता कामा नये. परंतु काम तेथे संपत नाही. दाट वस्तीतील विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासावे. नायट्रेटबरोबर क्लोराइडही वाढत असेल तर सांडपाण्याचा संशय धरावा. केवळ नायट्रेट वाढले तर शेतातील खताकडेही पाहावे.

नोनियाला मातीवरचा पांढरा थर डोळ्यांनी दिसत असे. विहिरीतील नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते पाहायचे तर मोजावेच लागते.