बर्निंग स्पिअर

विन्स्टन रॉडनी (जन्म: १ मार्च १९४५, सेंट ॲन्स बे, जमैका) हे बर्निंग स्पिअर या नावाने ओळखले जाणारे जमैकन रेगे गायक, गीतकार, संगीतकार व निर्माते आहेत. रास्ताफारी पंथाचे ते निष्ठावान अनुयायी असून कृष्णवर्णीय समाजाचे नेते मार्कस गार्वी यांचे विचार गीतांतून मांडणारे गायक म्हणून त्यांची विशेष ख्याती आहे. १९६९ मध्ये सुरू झालेली त्यांची कारकीर्द पाच दशकांहून अधिक काळाची आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ते अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात स्थायिक झाले. सर्वोत्कृष्ट रेगे अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार त्यांना दोनदा मिळाला आहे.

प्रारंभिक जीवन

जमैका बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील सेंट ॲन या परगण्यात रॉडनी यांचा जन्म झाला. हा परगणा शेती आणि डोंगराळ खेड्यांचा आहे. मार्कस गार्वी यांचा जन्म १८८७ मध्ये सेंट ॲन्स बे याच गावी झाला होता आणि गायक बॉब मार्ली यांचे जन्मगाव नाइन माइल हेही याच परगण्यात आहे. राजधानी किंग्स्टन हे जमैकाच्या संगीत व्यवसायाचे केंद्र होते. बहुतेक गायक तेथील वस्त्यांतून पुढे आले. रॉडनी मात्र खेड्यातून आले आणि डोंगर, शेती, नदी व मासेमारी यांचे संदर्भ त्यांच्या गीतांत अखेरपर्यंत राहिले.

संगीत क्षेत्रातील त्यांच्या प्रवेशाची हकिगत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. सेंट ॲनच्या डोंगराळ भागात एकदा त्यांची मार्ली यांच्याशी गाठ पडली. मार्ली त्या वेळी आपल्या शेताकडे निघाले होते. आपल्याला गाण्याची इच्छा आहे, असे रॉडनी यांनी सांगितल्यावर किंग्स्टनमधील स्टुडिओ वन येथे जाण्याचा सल्ला मार्ली यांनी त्यांना दिला.

नावाचा उगम

‘बर्निंग स्पिअर’ या शब्दांचा अर्थ ‘जळता भाला’ असा आहे. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते व पुढे त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याटा यांना हे बिरुद लावले जात असे. रॉडनी यांनी ते आपल्या गायकवृंदासाठी घेतले. प्रारंभी रॉडनी व रूपर्ट विलिंग्टन असे दोघेच या वृंदात होते. नंतर डेलरॉय हाइन्ड्स सामील झाले. १९७६ च्या अखेरीस रॉडनी या दोघांपासून वेगळे झाले आणि तेव्हापासून हे नाव केवळ त्यांचेच झाले.

वैचारिक पार्श्वभूमी

रॉडनी यांची गीते समजण्यासाठी मार्कस गार्वी आणि रास्ताफारी पंथ यांचा परिचय आवश्यक आहे. गार्वी यांनी १९१४ मध्ये जमैकात कृष्णवर्णीयांची एक सार्वत्रिक संघटना स्थापन केली. पुढे न्यूयॉर्कमधील हार्लेम येथे तिचे मुख्यालय होते. गुलाम म्हणून आफ्रिकेतून नेल्या गेलेल्या लोकांच्या वंशजांनी स्वाभिमानाने उभे राहावे, स्वतःचे उद्योग उभारावेत आणि आफ्रिकेशी नाते जोडावे, ही त्यांची शिकवण होती. याच हेतूने त्यांनी ‘ब्लॅक स्टार लाइन’ ही जहाज कंपनी १९१९ मध्ये काढली. ती टिकली नाही. टपालाद्वारे फसवणूक केल्याच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली आणि १९२७ मध्ये अमेरिकेने त्यांना देशाबाहेर पाठवले. १९४० मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये त्यांचे अवशेष जमैकात आणण्यात आले व त्यांना राष्ट्रवीराचा दर्जा देण्यात आला.

रास्ताफारी पंथाचा उदय जमैकात १९३० च्या दशकात झाला. इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी यांचा राज्याभिषेक २ नोव्हेंबर १९३० रोजी झाला. या पंथाचे अनुयायी त्यांना ईश्वरी अवतार मानतात आणि ईश्वराला ‘जाह’ असे संबोधतात. गार्वी यांना ते प्रेषित मानतात. गार्वी स्वतः मात्र या पंथाचे नव्हते आणि सम्राटांवर त्यांनी टीकाही केली होती. जमैकातील प्रतिष्ठित समाजाने व शासनाने या पंथीयांकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले. अशा काळात गार्वी यांचे नाव गीतातून उच्चारणे ही केवळ भक्ती नव्हती. ज्यांचा विसर पडत चालला होता त्यांची आठवण समाजाला करून देणे, हेही त्यामागील प्रयोजन होते.

कारकीर्द

स्टुडिओ वन (१९६९ ते १९७४)

‘डोअर पीप’ हे बर्निंग स्पिअर यांचे पहिले गीत १९६९ मध्ये स्टुडिओ वनमध्ये ध्वनिमुद्रित झाले. या संस्थेचे प्रमुख क्लेमेंट ‘कॉक्सन’ डॉड हे जमैकाच्या संगीतातील अग्रगण्य निर्माते होते. येथील ध्वनिमुद्रणांतून ‘स्टुडिओ वन प्रेझेंट्स बर्निंग स्पिअर’ (१९७३) व ‘रॉकिंग टाइम’ (१९७४) हे दोन अल्बम निघाले. संथ लय, भजनासारखी पुनरावृत्ती आणि गंभीर आशय यांमुळे ही गीते त्या काळच्या नृत्यप्रधान गीतांहून निराळी होती. त्यांना तत्काळ मोठे व्यावसायिक यश लाभले नाही.

जॅक रूबी आणि ‘मार्कस गार्वी’ (१९७५ ते १९७६)

सेंट ॲन परगण्यातीलच ओचो रिओस या गावी लॉरेन्स लिंडो ऊर्फ जॅक रूबी हे ‘साउंड सिस्टिम’ चालवत असत. मोठे ध्वनिक्षेपक उघड्यावर लावून लोकांना गाणी ऐकवण्याच्या व्यवस्थेला जमैकात हे नाव आहे. रूबी यांच्या निर्मितीखाली रॉडनी यांनी ‘मार्कस गार्वी’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. प्रथम ते केवळ रूबी यांच्या साउंड सिस्टिमवर वाजवण्यासाठी होते. श्रोत्यांचा उत्साह पाहून ते प्रसिद्ध करण्यात आले आणि जमैकात अत्यंत लोकप्रिय झाले. त्यापाठोपाठ आलेल्या ‘स्लेव्हरी डेज’ या गीतात गुलामगिरीच्या दिवसांची आठवण आहे का, असा प्रश्न श्रोत्यांना पुन्हा पुन्हा विचारला आहे.

याच नावाचा ‘मार्कस गार्वी’ हा अल्बम १९७५ मध्ये निघाला. साथीला ‘ब्लॅक डिसायपल्स’ हा वादकसंच होता. त्यात बास गिटारवादक रॉबी शेक्सपिअर व ॲस्टन बॅरेट, ढोलवादक लिरॉय ‘हॉर्समाउथ’ वॉलेस आणि गिटारवादक अर्ल ‘चिना’ स्मिथ यांचा समावेश होता. लंडनच्या आयलंड रेकॉर्ड्स कंपनीने हा अल्बम परदेशात वितरित केला. मात्र पाश्चात्त्य श्रोत्यांना रुचावा म्हणून कंपनीने मूळ ध्वनिमिश्रणात बदल केले. रॉडनी व रूबी यांना ते मान्य नव्हते आणि अनेक जाणकारांनीही त्यावर टीका केली. पुढे हा अल्बम रेगे संगीतातील अभिजात कृतींत गणला गेला. तरीही आपल्या संगीताचे अंतिम रूप दुसऱ्याने ठरवावे, हा अनुभव रॉडनी यांच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने निर्णायक ठरला. याच सुमारास त्यांनी ‘स्पिअर’ हे स्वतःचे ध्वनिमुद्रिका-नाममुद्रांकन सुरू केले.

१९७६ मध्ये ‘गार्वीज घोस्ट’ व ‘मॅन इन द हिल्स’ हे अल्बम निघाले. पहिला अल्बम ‘डब’ प्रकारातील आहे. मूळ गीतातील गायन बहुतांशी काढून टाकून ढोल व बास यांना प्राधान्य देण्याच्या प्रकाराला डब म्हणतात. दुसऱ्या अल्बममध्ये ग्रामीण जीवनाचे व बालपणाचे चित्रण आहे.

स्वतंत्र निर्मिती (१९७७ ते १९८९)

रूबी यांच्यापासून वेगळे झाल्यावर रॉडनी यांनी ‘ड्राय अँड हेवी’ (१९७७) या अल्बमची निर्मिती स्वतः केली. त्यात स्टुडिओ वनमधील काही जुनी गीते नव्या रूपात आहेत. त्याच वर्षी लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण ‘लाइव्ह’ या नावाने निघाले. त्यात ब्रिटनमधील ‘अस्वाद’ या रेगे वृंदाने साथ केली होती. १९७८ मध्ये ‘सोशल लिव्हिंग’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. जमैकात तो ‘मार्कस चिल्ड्रेन’ या नावाने ओळखला जातो. त्याच वर्षीच्या ‘रॉकर्स’ या चित्रपटात रॉडनी यांनी रात्रीच्या अंधारात, कोणत्याही वाद्याच्या साथीविना ‘जाह नो डेड’ हे गीत गायले आहे. हा प्रसंग रेगे संगीतावरील चित्रपटांतील अविस्मरणीय प्रसंगांपैकी एक मानला जातो.

‘हेल एच. आय. एम.’ (१९८०) हा अल्बम किंग्स्टनमधील टफ गाँग स्टुडिओत ॲस्टन बॅरेट यांच्या सहकार्याने तयार झाला. शीर्षकातील आद्याक्षरे सम्राट हेले सेलासी यांच्या राजोपाधीची आहेत. यानंतर ‘बर्निंग बँड’ हा स्वतःचा वादकसंच घेऊन रॉडनी यांनी युरोप, अमेरिका व आफ्रिका येथे दौरे केले. ‘फारओव्हर’ (१९८२), ‘द फिटेस्ट ऑफ द फिटेस्ट’ (१९८३) आणि ‘रेझिस्टन्स’ (१९८५) हे या काळातील प्रमुख अल्बम होत. ‘रेझिस्टन्स’ला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. ‘पीपल ऑफ द वर्ल्ड’ (१९८६) च्या काळात त्यांच्या संचातील तुतारी व इतर पितळी वाद्ये स्त्री वादक वाजवीत असत. रेगे क्षेत्रात ही गोष्ट विरळा होती.

परदेशातील वास्तव्य (१९९० नंतर)

१९९० च्या दशकाच्या मध्यास रॉडनी पत्नी सोनिया रॉडनी यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये राहू लागले. क्वीन्स व ब्रुकलिन येथे जमैकन स्थलांतरितांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या उत्तरायुष्यातील श्रोतृवर्ग व बहुतेक दौरे अमेरिका आणि युरोपातच होते. स्थलांतरानंतरही त्यांचे विषय बदलले नाहीत. ‘रास्ता बिझनेस’ (१९९५), ‘अपॉइंटमेंट विथ हिज मॅजेस्टी’ (१९९७) आणि ‘कॉलिंग रास्ताफारी’ (१९९९) या शीर्षकांवरूनच ते स्पष्ट होते. ‘कॉलिंग रास्ताफारी’ला २००० च्या समारंभात ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

२००२ मध्ये रॉडनी दांपत्याने ‘बर्निंग म्युझिक’ ही ध्वनिमुद्रिका कंपनी स्थापन केली. ध्वनिमुद्रण, प्रकाशन व विक्री ही सर्व सूत्रे त्यामुळे त्यांच्या हाती आली. जमैकातील अनेक जुन्या गायकांना त्यांच्या गाजलेल्या गीतांचा योग्य मोबदला कधीच मिळाला नाही. करार मोघम होते आणि हक्क बहुधा निर्मात्यांकडे राहत. या परिस्थितीत वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी उचललेले हे पाऊल महत्त्वाचे ठरले. ‘फ्रीमॅन’ (२००३), ‘अवर म्युझिक’ (२००५) आणि ‘जाह इज रिअल’ (२००८) हे अल्बम या कंपनीने काढले. ‘जाह इज रिअल’मध्ये अमेरिकन फंक संगीतातील बूट्सी कॉलिन्स व बर्नी वॉरेल यांचा सहभाग होता. या अल्बमला २००९ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

यानंतर पंधरा वर्षांच्या अंतराने, २०२३ मध्ये ‘नो डिस्ट्रॉयर’ हा नव्या गीतांचा अल्बम प्रसिद्ध झाला. त्यालाही ग्रॅमीचे नामांकन मिळाले.

गायनशैली

रेगेमध्ये गिटार वा पियानोचा आघात मुख्य ठोक्यांच्या मधल्या जागी येतो आणि बास गिटार गीताचा कणा असते. रॉडनी यांच्या संगीतात या चौकटीला पितळी वाद्यांच्या दीर्घ स्वरावलींची जोड मिळते. रास्ताफारी उपासनेतील ‘न्याबिंगी’ ढोलवादनाचा प्रभावही त्यांच्या तालांवर आहे. कार्यक्रमांत ते स्वतः काँगा हे तालवाद्य वाजवतात. त्यांचा आवाज किंचित खरखरीत, आर्त व खोल आहे. गीतांत शब्द थोडे असतात. एकच ओळ ते वेगवेगळ्या वजनाने अनेकदा उच्चारतात आणि तिचे रूपांतर नामघोषात होते. कथन करण्यापेक्षा स्मरण करून देणे, प्रश्न विचारणे आणि हाक देणे ही त्यांच्या गीतांची रीत आहे.

सन्मान व प्रभाव

जमैका शासनाने २००७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन’ हा सन्मान ‘ऑफिसर’ या श्रेणीत देऊन रॉडनी यांचा गौरव केला. ज्या पंथीयांना एकेकाळी समाजाने दूर ठेवले होते, त्यांतील एका गायकाचा हा राष्ट्रीय सन्मान होता. आयरिश गायिका शिनेड ओ’कॉनर यांनी २००५ मध्ये काढलेल्या रेगे अल्बममध्ये रॉडनी यांची अनेक गीते गायली. त्या अल्बमचे ‘थ्रो डाउन युअर आर्म्स’ हे शीर्षकही त्यांच्याच गीताचे आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

गार्वी यांनी स्वावलंबनाचा आग्रह धरला होता. रॉडनी यांनी तो प्रथम गीतांतून मांडला आणि पुढे स्वतःच्या व्यवसायात आचरला. जन्मभूमीपासून दूर राहूनही त्यांच्या गीतांचे केंद्र सेंट ॲनचे डोंगर, गार्वी यांची स्मृती आणि आफ्रिका हेच राहिले.

निवडक अल्बम

स्टुडिओ वन प्रेझेंट्स बर्निंग स्पिअर (१९७३)
रॉकिंग टाइम (१९७४)
मार्कस गार्वी (१९७५)
मॅन इन द हिल्स (१९७६)
ड्राय अँड हेवी (१९७७)
सोशल लिव्हिंग (१९७८)
हेल एच. आय. एम. (१९८०)
रेझिस्टन्स (१९८५)
मेक वी ड्वीट (१९९०)
कॉलिंग रास्ताफारी (१९९९)
जाह इज रिअल (२००८)
नो डिस्ट्रॉयर (२०२३)