चिपाडाची वीज : मॉरिशसची कहाणी

हिवाळ्यात पैठणच्या रस्त्याने उसाने लादलेल्या गाड्या कारखान्याकडे जाताना आपण पाहतो. एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो ओले चिपाड उरते. कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. या चिपाडाला किंमत किती? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला एका बेटाचा इतिहास उपयोगी वाटतो.

हिंदी महासागरातील मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढे. तेथे कोळसा नाही, खनिज तेल नाही. शेजाऱ्याकडून वीज घ्यावी तर चहूकडे समुद्र. १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी तेथे भारतातून करारबद्ध मजूर नेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांमुळे आजही तेथील शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते.

पूर्वी तेथील कारखाने चिपाड कमी दाबाच्या बॉयलरमध्ये जाळत. गाळपापुरती वाफ मिळावी आणि ढीग संपावेत, एवढाच हेतू. इंधन वाचवून करायचे काय? वाचलेल्या चिपाडाला गिऱ्हाईकच नव्हते! १९५७ साली सेंट आंत्वान कारखान्याने आपली शिल्लक वीज प्रथमच सार्वजनिक जाळ्यात सोडली. पण ‘शिल्लक असेल तेव्हा’ मिळणाऱ्या विजेवर देश चालत नाही.

१९७३ नंतर तेल महागले आणि विचार बदलला. सरकारने १९८५ व १९८८ मध्ये साखर उद्योगासाठी कायदे करून कारखान्यांना वीज विकण्यासाठी सवलती दिल्या. १९९१ मध्ये चिपाड-ऊर्जेचा स्वतंत्र कार्यक्रम आखला. २००० साली बेल व्ह्यू येथे ८२ बार दाबाच्या वाफेवर चालणारे केंद्र सुरू झाले. वाफेचा दाब व तापमान जितके जास्त, तितके त्याच उष्णतेतून टर्बाइनला अधिक कार्य मिळते. त्यामुळे तेवढ्याच चिपाडातून पूर्वीच्या कित्येक पट वीज विकता येऊ लागली.

गाळप मात्र साधारण जून ते डिसेंबर चालते. उरलेले महिने याच बॉयलरमध्ये आयात केलेला कोळसा जळतो. म्हणजे वीज वर्षभर, पण ‘हिरवी’ वीज अर्धेच वर्ष! हा हिशेब मुलांपुढे प्रामाणिकपणे मांडायला हवा.

दुसरा हिशेब पैशाचा. वीज विकतो कारखाना, पण ऊस कोणाचा? १९९४ मध्ये शेतकरी व कामगारांना भागधारक करून घेणारा साखर गुंतवणूक न्यास स्थापन झाला आणि वीज केंद्रांतही त्याला वाटा मिळाला. ज्यांचे पूर्वज मजूर म्हणून आले, ते केंद्राचे अंशतः मालक झाले. तरीही चिपाडाचा मोबदला तुटपुंजा आहे, ही लहान शेतकऱ्यांची तक्रार वर्षानुवर्षे राहिली. २००६ ते २००९ या काळात युरोपने साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवला, तेव्हा अनेकांनी ऊस सोडला. ऊस घटला की चिपाडही घटते. शेवटी २०२१ मध्ये सरकारने चिपाडाचा दर वाढवला. त्याच वर्षी २०३० पर्यंत ६० टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून मिळवण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले; बेटाची बहुतांश वीज मात्र अजूनही कोळसा व तेल यांतूनच येते.

यातून आम्हाला दिसते ते असे : बॉयलर बदलता येतो, पण इंधन पिकवणाऱ्याला परवडले नाही, तर थोड्याच वर्षांत बॉयलरला इंधन उरत नाही. जैवइंधनाचे नियोजन शेतापासूनच सुरू करावे लागते.

विद्यार्थ्यांना जवळच्या साखर कारखान्यात जरूर न्यावे. तेथे तीन प्रश्न विचारायला सांगावे : वाफेचा दाब किती? गाळप नसताना काय जाळता? आणि विजेच्या पैशातून ऊस उत्पादकाला काय मिळते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत मुलांनी वही मिटू नये.