तुटीचा हिशेब

काळाचौकीच्या शहीद भगतसिंग मैदानाभोवती पहाटे फेऱ्या घालणारा एखादा तरुण मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहून ‘आज चारशे उष्मांकांची तूट आहे’ असे जेव्हा समाधानाने सांगतो, तेव्हा ज्या शब्दाने या वस्तीतील कित्येक घरांची झोप उडविली, तोच शब्द आता कमाईच्या अर्थाने वावरू लागल्याचे ध्यानात येते, आणि त्याचा पूर्वेतिहास सांगावासा वाटतो.

गिरण्यांच्या भोंग्यांवर या मोहल्ल्याचा दिनक्रम चालत होता त्या काळी, मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली १९२१-२२ साली कामगारांच्या घरगुती जमाखर्चाची तपशीलवार पाहणी केली आणि १९२३ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळसंहितेने ठरविलेल्या कमाल मापाइतके भरत असले, तरी तुरुंगाच्या नियमावलीने कैद्यास मंजूर केलेल्या शिध्याहून ते कमी आहे, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. १९२२ च्या सुधारित कायद्याने कामाचा दिवस अकरा तासांवर आणला खरा, परंतु तेवढा वेळ साच्यापुढे उभा राहणारा माणूस अन्नाच्या बाबतीत सरकारी दफ्तरात कैद्याच्या खालच्या पायरीवर नोंदला गेला होता.

ही तूट आकड्यांत मांडण्याचे साधन म्हणजे उष्मांक. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक मोठा उष्मांक, आणि पिष्ट व प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅमला चार, तर स्निग्धांशाच्या ग्रॅमला नऊ, हा हिशेब अमेरिकेच्या ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केला. आपल्या देशात याच मापाने दारिद्र्याची सीमा आखली गेली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणशी रोज २,२५० उष्मांकांची कसोटी लावली. १९७९ च्या सरकारी कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० हे आकडे ठरविले.

या आकड्यांपुढे मूलगामी शंका उपस्थित केली ती सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांनी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे काम करून पुण्यास परतलेल्या या विद्वानाचे म्हणणे असे की, एकाच निरोगी माणसाचा आहार, त्याचे काम आणि वजन न बदलताही, दिवसागणिक आणि आठवड्यागणिक कमीजास्त होतो, व शरीर त्या चढउताराशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते. म्हणून सरासरीच्या खाली गेलेला प्रत्येक माणूस कुपोषित मानता येत नाही. त्यांच्या सिद्धांतावर कडाक्याचे वाद झाले, कारण जुळवून घेण्याची ही किमया भुकेल्या माणसाची भूक नाकारण्यास वापरली जाईल, ही भीती अनाठायी नव्हती. पण एका दिवसाच्या आकड्यावर माणसाविषयी निवाडा करू नये, ही त्यांची शिकवण मात्र टिकली.

मनगटी पट्टा बाळगणाऱ्याने तीच लक्षात ठेवावी. पट्टा त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून नाडी मोजतो, हालचालींवरून पावले मोजतो, आणि वय, वजन, उंची यांच्या आधारे खर्च झालेल्या उष्मांकांचा केवळ अंदाज बांधतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात मनगटी उपकरणांची परीक्षा झाली, तेव्हा नाडीचे माप बहुतेकांनी बरे दाखविले, पण उष्मांकांच्या बाबतीत सर्वांत सरस ठरलेल्या उपकरणाचीही चूक सुमारे २७ टक्के निघाली. म्हणजे तासभराच्या व्यायामाचे चारशे उष्मांक पट्ट्याने दाखविले, तर त्यात शंभराचा फेर असू शकतो. एक पोळी तेवढ्यात येते. शिवाय जेवणाच्या बाजूची नोंद आपणच अंदाजाने करतो, आणि कालवणावर तरंगणारे तेल कोणी मोजत नाही. तेव्हा जमा आणि खर्च, दोन्ही बाजू अंदाजाच्या असताना, रोजची बाकी काटेकोर मानणे व्यर्थ होय. आठवड्याच्या सरासरीची तूट पाहावी, ठराविक वेळी वजन करावे, आणि दोन-तीन आठवड्यांत काटा हलला की नाही यावरून हिशेब तपासावा. थकवा, चक्कर वा आजार असेल तर आकडा बाजूला ठेवून वैद्याकडे जावे.

कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार जिथे महिन्याच्या पैशांवर जेवत, त्या खानावळी चालविणाऱ्या बायकांकडे उष्मांकांचे कोष्टक नव्हते. त्यांच्यासाठीच प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपात गिरण्यांबरोबर या खानावळींचे गिऱ्हाईकही ओसरले. आज काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाची योजना आहे. तिथे साच्यांशेजारी १९२३ च्या अहवालाचे ते पान उघडे ठेवावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणजे मैदानावरून घरी निघालेल्या तरुणाला ते वाचता येईल, आणि आपण स्वेच्छेने पाडतो ती तूट एके काळी याच गल्ल्यांत कोणाच्याही मर्जीवाचून पडत होती, हे त्याला कळेल.